सुजलेल्या हाताला प्लास्टर घालायची वेळ येते तेव्हा

एकविसाव्या रोजाची सहरी आटोपली होती. फजरच्या अजानला थोडा वेळ होता. आमच्या खाला वुजू करायला मोरीत गेल्या आणि ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. पडताना माणूस हात पुढे टाकतो, तसा त्यांनी डावा हात टेकला. मनगट वाकडे झाल्याचे आम्हाला लगेच दिसले.

तो डावा हात साधा नव्हता. आठ वर्षांपूर्वी खालांचे डाव्या बाजूच्या स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले होते. काखेतल्या गाठी काढल्या होत्या, त्यानंतर शेकही दिला होता. अल्लाहच्या मेहरबानीने त्या बऱ्या झाल्या. पण दोन वर्षांनी तो हात सुजू लागला. तेव्हापासून त्या दिवसा त्या हातावर घट्ट विणीची बाही घालतात आणि कधी रात्री पट्टे बांधतात. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. बाहेर कोणाला सांगितलेले नाही.

सकाळी आम्ही दोघे भाचे आणि त्यांचे जावई त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेलो. तरुण डॉक्टरांनी हात पाहिला, फोटो काढला आणि विचारले, "हात बराच सुजलाय. पडल्यामुळेच ना?" खालांनी नुसती मान हलवली. जावयासमोर छातीच्या ऑपरेशनची गोष्ट कशी काढायची, हा त्यांचा संकोच. त्या बोलल्या नाहीत म्हणून आम्हीही बोललो नाही. डॉक्टरांनी हाड बसवून तळव्यापासून कोपराखालपर्यंत पक्के प्लास्टर घातले आणि आम्ही घरी आलो.

तरावीहच्या वेळेपासून हात ठणकू लागला. "सब्र करते, उद्या कमी होईल," असे म्हणत खाला पडून राहिल्या. सहरीला उठल्यावर त्यांच्या सुनेने बोटे पाहिली तेव्हा ती फुगून काळीनिळी झाली होती आणि चिमटा काढला तरी खालांना कळत नव्हते. आम्ही तसेच धावलो. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी प्लास्टर आणि आतला कापूस उभा कापून मोकळा केला. हळूहळू बोटांचा रंग परतला. मग सुनेने न विचारता सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर म्हणाले, "हे काल सांगितलं असतं, तर पक्कं प्लास्टर घातलंच नसतं."

त्या वाक्याने आम्हाला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. चूक डॉक्टरांची म्हणावी तर त्यांना माहिती आम्हीच दिली नव्हती. त्यानंतरच्या चार महिन्यांत हाडांचे डॉक्टर, कॅन्सरचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून जे शिकायला मिळाले, ते या लेखात मांडत आहोत. आपल्या वाचकांच्या घरांतही अशा खाला, फुफी, अम्मी असतील.

हात का सुजतो

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांसारखेच आणखी एक बारीक जाळे असते. पेशींच्या मधे साठणारे पाणी, प्रथिने आणि कचरा गोळा करून ते परत रक्तात आणून सोडते. या द्रवाला लसिका म्हणतात. तिच्या वाटेवर काखेत, मानेत, जांघेत छोट्या गाठी असतात. त्या चौकीसारखे काम करतात आणि जंतू तिथे अडवले जातात.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढाव्या लागतात किंवा त्यांवर शेक द्यावा लागतो. मग हाताकडून येणारी लसिका पुढे नीट सरकत नाही. ती हातातच साठते. हात जड होतो, बाह्या घट्ट होतात, बांगडी निघत नाही, कालांतराने कातडी जाड होते. या सुजेला लिम्फेडीमा म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरचा इलाज झालेल्या साधारण पाच बायकांपैकी एकीला हा त्रास होतो. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या असतील तर शक्यता जास्त, एकदोन गाठीच तपासायला काढल्या असतील तर बरीच कमी. तो ऑपरेशननंतर काही महिन्यांत सुरू होऊ शकतो किंवा कित्येक वर्षांनीही.

हा त्रास मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. त्यासाठी चार गोष्टी नेमाने कराव्या लागतात. कातडीची काळजी, दाब देणारे पट्टे किंवा बाही, हाताचे व्यायाम आणि लसिका पुढे सरकवणारा अगदी हलका खास मसाज. हा मसाज 1930 च्या दशकात डेन्मार्कच्या एमिल वॉडर यांनी फ्रान्समध्ये काम करताना विकसित केला. आपल्याकडच्या तेलमालिशीशी त्याचा काही संबंध नाही. जोर लावून चोळले तर या हाताला अपायच होतो.

आता अडचण कुठे येते ते पाहा. हाड मोडले की कोणाचाही हात सुजतो. लिम्फेडीमाच्या हातात पाणी बाहेर न्यायची वाट आधीच अरुंद असते, त्यामुळे ही नवी सूज जास्त येते आणि जास्त दिवस राहते. त्याच वेळी बाही, पट्टे, मसाज, व्यायाम हे रोजचे सगळे उपाय प्लास्टरमुळे बंद पडतात.

मनगटच का मोडते

हात टेकून पडल्यावर मनगटाजवळचे हाड मोडणे ही नेहमीची दुखापत आहे. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये तिचे वर्णन केले आणि आजही डॉक्टर तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. पाळी बंद झाल्यानंतर हाडे विरळ होत जातात, म्हणून पन्नाशीनंतर बायकांमध्ये ती जास्त दिसते.

स्तनाच्या कॅन्सरनंतर अनेक बायकांना पाच वर्षे किंवा जास्त काळ लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या घ्याव्या लागतात. कॅन्सर परतू नये म्हणून त्या महत्त्वाच्या आहेत, पण त्यांनी हाडे आणखी विरळ होतात. खाला ही गोळी पाच वर्षे घेत होत्या. शिवाय घरात जास्त वेळ राहणाऱ्या, बाहेर पडताना अंग पूर्ण झाकणाऱ्या बायकांना ऊन कमी मिळते, त्यामुळे ड जीवनसत्त्व कमी असण्याची शक्यता असते. म्हणून अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल, कॅल्शियमबद्दल आणि ड जीवनसत्त्वाबद्दल जरूर विचारावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. घराच्या गच्चीवर किंवा मागच्या अंगणात, पडद्याच्या आडोशाने थोडा वेळ हातपाय उन्हात ठेवता येतात.

दुसरा उपाय याहून सोपा आहे. मोरीत खरखरीत चटई टाका, भिंतीला धरायला लोखंडी दांडा लावा, वुजूसाठी बसायला पाट किंवा स्टूल ठेवा आणि रात्रभर एक दिवा चालू ठेवा. हे सगळे आम्ही खाला पडल्यानंतर केले.

पडल्यानंतरचा पहिला तास

हात मोडल्याची शंका आली की सर्वांत आधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आणि दाबाची बाही काढा. अर्ध्या तासात सूज वाढली की अंगठी कापूनच काढावी लागते. हात आहे त्या स्थितीत एखाद्या जाड पुठ्ठ्यावर किंवा उशीवर ठेवून ओढणीने सैल बांधा आणि छातीच्या उंचीवर धरा. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन हात ओढून घेऊ नका, हळदीचा गरम लेप लावू नका. लिम्फेडीमाच्या हाताला गरम शेकाने सूज वाढते. बर्फही थेट कातडीवर ठेवू नका, कारण या हाताची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते आणि कातडी भाजल्यासारखी होते.

दवाखान्यात पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा, "या बाजूच्या स्तनाचे ऑपरेशन झाले आहे, काखेतल्या गाठी काढल्या आहेत, हात आधीपासून सुजलेला असतो." आधी किती सुजलेला होता हेही सांगता आले पाहिजे. त्यासाठी दोन्ही हातांची मापे घरी लिहून ठेवावीत. मनगट, त्याच्या वर दर दहा सेंटिमीटरला एक, असे दंडापर्यंत मोजायचे आणि तारीख टाकायची. महिन्यातून एकदा पाच मिनिटांचे काम आहे. खालांची अशी वही होती, पण त्या दिवशी ती कपाटातच राहिली.

सलाईन, सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला लावायला सांगा. अलीकडच्या अभ्यासांत एखाद्या सुईने किंवा बीपी मोजल्याने सूज वाढल्याचे दिसलेले नाही, त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. दुसरा हात मोकळा असेल तर तो वापरायचा. जिवावर बेतले असेल तेव्हा मात्र डॉक्टरांना कुठल्याही हातासाठी अडवू नका.

कच्चे प्लास्टर, पक्के प्लास्टर

प्लास्टर ऑफ पॅरिस भरलेल्या पट्ट्यांनी हाड बांधायची पद्धत डच लष्करातले सर्जन अँटोनियस मॅथिसेन यांनी 1852 मध्ये प्रसिद्ध केली. हाड हलू न देणे हाच तिचा गुण आणि सुजलेल्या हातासाठी तोच धोका. पक्के प्लास्टर हाताभोवती पूर्ण गोल असते. आत सूज वाढली तर तिला जागा नसते, मग दाब रक्तवाहिन्यांवर आणि नसांवर येतो.

म्हणून ताज्या दुखापतीत डॉक्टर पुष्कळदा आधी कच्चे प्लास्टर म्हणजे स्लॅब घालतात. एका बाजूला प्लास्टरची पट्टी, आत भरपूर कापूस आणि वरून पट्टा. सूज वाढली तर पट्टा सैल करता येतो. काही दिवसांनी सूज उतरली की पुन्हा फोटो काढून पक्के घालतात. हात लिम्फेडीमाचा असेल तर ही काळजी आणखी महत्त्वाची. पक्के घालणे गरजेचेच असेल तर ते उभे चिरून ठेवता येते. काही मोडणुकींत काढता-घालता येणारी पट्टी चालते आणि मग कातडीची काळजीही घेता येते. आपल्याला यातले काय चालेल, हे डॉक्टरांना विचारायला संकोच वाटू नये. निर्णय हाड कसे मोडले आहे यावर ठरतो.

आणखी एक गोष्ट. सूज उतरली की तेच प्लास्टर सैल पडते आणि हाड सरकू शकते. लिम्फेडीमाच्या हाताचे माप दिवसागणिक बदलते, त्यामुळे प्लास्टर दोनतीनदा बदलावे लागले तर तो गलथानपणा समजू नका. खालांचे तीनदा बदलले.

या गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका

बोटे निळी, काळी किंवा पांढरीफटक पडणे. बोटे बधिर होणे, मुंग्या येणे. दुखण्याची गोळी घेऊनही दुखणे वाढत जाणे. दुसऱ्याने बोट हळूच सरळ केले तरी कळ सहन न होणे. यापैकी काहीही दिसले तर रात्री दोन वाजताही दवाखान्यात जायचे. आत दाब वाढून स्नायू आणि नसा मरू लागल्याची ही खूण असू शकते आणि त्यात थोड्या तासांचाच अवधी मिळतो.

दुसरी भीती जंतुसंसर्गाची. लसिका साठलेल्या हातात जंतू फार झपाट्याने पसरतात. थंडी वाजून ताप येणे, प्लास्टरच्या कडेबाहेर कातडी लाल आणि गरम होणे, आतून घाण वास किंवा ओल येणे, ही लक्षणे त्याच दिवशी दाखवा. अँटिबायोटिक लगेच सुरू करावे लागते. दंड किंवा खांदा अचानक सुजला तर रक्ताची गुठळी झाली आहे का, हे डॉक्टर डॉपलर तपासणीने पाहतात.

सब्र फार मोठी गोष्ट आहे. पण प्लास्टरमधल्या वाढत्या दुखण्यावर इलाज न करता पडून राहणे म्हणजे सब्र नव्हे, हे आम्हाला त्या रात्रीने शिकवले.

प्लास्टरच्या दिवसांत रोज काय करायचे

हात हृदयापेक्षा उंच ठेवा. झोपताना दोन उशा हाताखाली, बसताना खुर्चीच्या दांड्यावर उशी. गळ्यातली झोळी दिवसभर घालून ठेवू नका, त्यात हात खाली लोंबतो आणि खांदा आखडतो.

मोकळी बोटे दर तासाला दहादहा वेळा उघडा-मिटा. कोपर मोकळा असेल तर तो वाकवा, खांदा सगळ्या दिशांना फिरवा. स्नायू हलले की लसिका पुढे ढकलली जाते. प्लास्टरमध्ये हाच तिचा मुख्य आधार असतो. पोट फुगवून घेतलेले सावकाश खोल श्वासही यात मदत करतात.

हलका मसाज पूर्ण बंद करायची गरज नसते. मान, छाती, पाठ आणि मोकळा दंड यांवर तो करता येतो, पण शिकलेल्या फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणेच आणि हाडांच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल, गुठळीची शंका असेल तर मसाज करायचा नाही. बोटांना बारीक पट्टे किंवा प्लास्टरच्या वरच्या दंडाला पट्टा बांधायचा की नाही, हेही त्यांनीच ठरवायचे. आपली जुनी बाही प्लास्टरच्या वर ओढून चढवली तर जिथे ती संपते तिथे हाताला आवळ पडतो आणि खालचा भाग आणखी सुजतो.

आत खाज सुटली की सुई, पट्टी, पेन काहीही आत घालू नका. एक ओरखडाही या हाताला महागात पडतो. केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा वरून सोडा. प्लास्टर भिजू देऊ नका. मोकळ्या बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा आणि कातडीला सौम्य क्रीम लावा.

ईद जवळ आली की मेंदीचा प्रश्न येतो. बाजारातल्या काळ्या मेंदीत केसांच्या कलपातले रसायन असू शकते आणि त्याने कातडीला फोड येतात. सुजलेल्या हातावर ती कधीच लावू नये. कुर्बानीच्या दिवशी मटण कापायचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावे.

ऑपरेशन सांगितले तर

"त्या हाताला ऑपरेशन करायचंच नाही," असे आमच्याकडे अनेकांनी सांगितले. हे बरोबर नाही. हाड नीट बसत नसेल आणि आत पट्टी व स्क्रू टाकणे गरजेचे असेल, तर टाळल्याने हात कायमचा वाकडा राहतो. मनगटातली नस दबून बोटे बधिर होणे हा त्रासही लिम्फेडीमाच्या हाताला होतो आणि गोळ्या-पट्ट्यांनी भागले नाही तर त्यालाही ऑपरेशन लागते. स्तनाच्या कॅन्सरनंतर त्याच बाजूच्या हाताची ऑपरेशने झालेल्या बायकांचे जे अनुभव डॉक्टरांनी नोंदवले आहेत, त्यांत बहुतेकींना कायमचा वाढीव त्रास झालेला नाही. तयारी मात्र चांगली हवी.

घाई नसलेले ऑपरेशन असेल तर आधी काही आठवडे पट्टे आणि मसाज करून सूज जितकी उतरेल तितकी उतरवून घ्यावी. कातडीवर जखम, चीर किंवा बेचकीत बुरशी असेल तर ती आधी बरी करावी. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणावी. सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही वेगवेगळे सांगावे, एकाने दुसऱ्याला सांगितले असेल असे गृहीत धरू नये.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे. ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबवायला दंडाला पट्टा आवळणार आहात का, आणि तो कमीत कमी वेळ ठेवता येईल का? ऑपरेशनआधी अँटिबायोटिक देणार का? जखमेवरच्या पट्टीवरून दाबाचे पट्टे कधी बांधता येतील? टाके काढल्यावर बाही कधी घालायची? फिजिओथेरपी कोणत्या दिवशी सुरू करायची? पट्टी-स्क्रूने हाड पक्के झाले तर पक्के प्लास्टर टाळून हात लवकर हलवता येतो. लिम्फेडीमाच्या दृष्टीने तो फायदाच असतो, म्हणून हा पर्यायही विचारून पाहावा.

आमच्यासारख्या लहान गावात लिम्फेडीमाचा फिजिओथेरपिस्ट मिळत नाही. अशा वेळी जिथे कॅन्सरचा इलाज झाला, तिथल्या फिजिओथेरपी विभागाला फोन करा, हाताचे फोटो दाखवा आणि त्यांचा सल्ला हाडांच्या डॉक्टरांपर्यंत लेखी पोहोचवा. आम्ही दोन चकरा मुंबईच्या मारल्या आणि बाकीचे काम फोनवर झाले.

वुजू, नमाज आणि रोजे

खालांना दुखण्यापेक्षा नमाजची काळजी जास्त होती. प्लास्टर असताना मोकळे अवयव धुवून प्लास्टरवर ओला हात फिरवण्याची म्हणजे मसहची सवलत फिकहमध्ये आहे. तपशिलात मस्लकांप्रमाणे फरक आहे. हनफी घरांत मसहवर भागते. आमच्या कोकणातली बहुतेक घरे शाफई आहेत, तिथे मसहसोबत तयम्मुमही सांगितला जातो. काही परिस्थितीत नमाज पुन्हा पढण्याचाही मसला येतो. म्हणून आपल्या मस्जिदीच्या आलिमांना प्लास्टर कुठून कुठपर्यंत आहे हे नीट सांगून विचारावे. इलाजाच्या काळात रात्रंदिवस बांधून ठेवायच्या पट्ट्यांबद्दलही असेच विचारावे. रोजची काढता येणारी बाही किंवा हातमोजा मात्र वुजूसाठी काढावा लागतो. मग कोमट पाण्याने धुवून, टॉवेलने टिपून, बेचक्या कोरड्या करून पुन्हा घालावा. ओल्या हातावर बाही चढवू नये, कातडी खराब होते.

सजद्यात मोडलेल्या हातावर भार देऊ नका. खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढता येते. औषधे वेळच्या वेळी घ्यावी लागत असतील तर आजाऱ्याला रोजा सोडायची मुभा आहे, नंतर कजा करता येतो. उरलेले रोजे सुटले तेव्हा खालांच्या डोळ्यांत पाणी आले होते. पुढे शाबान येण्यापूर्वी त्यांनी ते एकेक करून पूर्ण केले.

प्लास्टर निघाल्यानंतर

सहा आठवड्यांनी खालांचे प्लास्टर निघाले तेव्हा हात पूर्वीपेक्षा जाड, कातडी कोरडी आणि मनगट आखडलेले होते. हे अपेक्षितच असते. कातडी ओरबाडून साफ करू नका, कोमट पाणी आणि क्रीमने काही दिवसांत ती सुधारते. जुनी बाही लगेच घालू नका, ती आता मापाची राहिलेली नसते. आधी पट्ट्यांनी सूज उतरवून मग नव्या मापाची बाही घ्यावी लागते. मनगटाचे व्यायाम आणि लिम्फेडीमाचा इलाज एकाच वेळी चालू ठेवावा लागतो. खालांचा हात वहीतल्या जुन्या मापावर यायला तीन महिने लागले. करंगळीची टोके अजून थोडी बधिर आहेत. बाकी त्या भाकरी थापतात, नातवाला उचलतात.

सांगायचे कोणी

हया ईमानवाल्यांचे भूषण आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण इलाजासाठी गरजेपुरते अंग डॉक्टरला दाखवण्याचीही शरीअतमध्ये मुभा आहे, स्त्री डॉक्टर मिळत असेल तर तिला दाखवणे उत्तम. इथे तर दाखवायचेही नव्हते, फक्त एक वाक्य सांगायचे होते. त्यांना संकोच वाटणार हे आम्हाला कळायला हवे होते. आम्ही पुरुष दोन मिनिटे बाहेर थांबलो असतो आणि त्यांच्या सुनेला सोबत नेले असते, तर ती रात्र आलीच नसती.

आता खालांच्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते. सुनेने ती मराठीत आणि इंग्रजीत लिहून प्लास्टिकमध्ये घातली आहे. त्यात लिहिले आहे: डाव्या स्तनाचे ऑपरेशन झाले आहे. डाव्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, शेक दिला आहे. डाव्या हाताला लिम्फेडीमा आहे. सुई आणि बीपी शक्यतो उजव्या हाताला. डावा हात मोडल्यास घट्ट गोल प्लास्टर घालण्याआधी सुजेचा विचार करावा, बोटांवर लक्ष ठेवावे. खाली चालू गोळ्यांची नावे, ॲलर्जी, हाताची मापे आणि सुनेचा फोन नंबर.

आपल्या घरात असा हात असेल तर आज इशाच्या नमाजनंतर बसून ही चिठ्ठी लिहा. जिचा हात आहे तिला विचारून लिहा, आणि दवाखान्यात तिच्यासोबत कोण जाणार, तेही तिलाच ठरवू द्या. अल्लाह सगळ्या आजाऱ्यांना शिफा देवो.